तासगाव ते न्यूझीलंड: बागायतदाराच्या नजरेतून एक कडक सरहद्द

निघण्याआधी, तासगाव-सांगली-मिरज

नोकरदार माणूस व्हिसाच्या अर्जाला पगाराची स्लिप जोडतो. द्राक्षबागायतदाराने काय जोडायचं? सातबारा, आठ-अ, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आणि बँकेचं खातेपुस्तक. आमचे हे सगळे कागद मराठीत, आणि मे २०२५ पासून न्यूझीलंडने पर्यटक व्हिसाच्या कागदांचं इंग्रजी भाषांतर सक्तीचं केलेलं आहे. सांगलीत एकाकडून ते रीतसर, शिक्क्यासह करून घेतलं. तलाठ्याकडून उतारा काढून भाषांतर हातात पडायला वेळ जातो, तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांनी सुरुवात इथूनच करा. बाकी तिकीट-बिकीट नंतर होतं.

पुतणी ऑकलंडला असते. "काका, एकदा काकूंना घेऊन याच," हे तिचं कधीपासूनचं. आम्हाला सवड मिळते ती जुलै-ऑगस्टात. एप्रिलची खरडछाटणी उरकलेली, सबकेन (काडीचा शेंडा खुडून नवा फुटवा घेणं) झालेलं, ऑक्टोबर छाटणीला अवकाश. तिकडे नेमका तेव्हा हिवाळा, म्हणजे त्यांच्या द्राक्षांची छाटणी चालू. मला तेच बघायचं होतं. दावण्याच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाच्या, फवारण्यांची जबाबदारी भावाने घेतली आणि आम्ही निघालो.

कागदांचं थोडक्यात सांगतो. तिथून परतायच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू हवा. परतीचं तिकीट हवं. खर्चासाठी दर माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४०० चालतात. व्हिसाच्या फीबरोबर परदेशी पर्यटकांवरचा १०० डॉलरचा कर वेगळा. लस कुठलीही सक्तीची नाही. छातीचा एक्स-रे आपल्याकडच्या लोकांना लागतो तो सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर.

औषधांचं मात्र मनावर घ्या. हिला बीपीची आणि साखरेची गोळी चालू आहे. मिरजेच्या आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर इंग्रजीत औषधांची मूळ नावं, मात्रा आणि कारण लिहून दिलं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या, डबीत सुट्या करून न्यायच्या नाहीत. तीन महिन्यांपुरती औषधं चिठ्ठीसह नेता येतात. नियंत्रित यादीतली असतील, उदाहरणार्थ काही झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या, तर एकाच महिन्याची. प्रवासविमा काढलाच पाहिजे. तिथे अपघात झाला तर उपचाराच्या खर्चाचा भार त्यांची सरकारी अपघात योजना पाहुण्यांसाठीही उचलते, पण आजारपणाचं बिल आपलं आपणच भरायचं.

मग बॅग. पुतणीची यादी लांबलचक होती: भडंग, बेदाणा, हळद, कांदा-लसूण मसाला, घरचं तूप, पेढे, परसात लावायला मेथी-गवारीचं बी. तूप, पेढे आणि बी पहिल्याच दिवशी यादीतून काढलं. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, त्यांच्याकडे तो आजवर कधीच शिरलेला नाही, म्हणून दुधाच्या पदार्थांकडे ते फार बारकाईने बघतात. मध तर नेताच येत नाही. पेरायच्या बियाण्याला वेगळे, कडक नियम आहेत. बाकीचे जिन्नस दुकानातून सीलबंद, छापील लेबलाचे घेतले. मसाला खसखस नसलेला शोधला, कारण विमान सिंगापूरमार्गे होतं आणि सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध मालात मोडते. आखाती देशांतून जाणाऱ्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सोमवार, मुंबई

न्यूझीलंडचं प्रवासी घोषणापत्र निघायच्या आधीच्या २४ तासांत ऑनलाइन भरता येतं, पैसे पडत नाहीत. कुणी एजंट फी मागत असेल तर देऊ नका. विमानतळाच्या बाकावर बसून मी ते फोनवर भरलं. प्रश्न साधेच: खाण्याचं काही आहे का, वनस्पती किंवा लाकडाचं काही, प्राण्यांपासून बनलेलं काही, १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड? आणि मग एक प्रश्न थेट माझ्यासाठीच असल्यासारखा: गेल्या ३० दिवसांत शेतावर गेला होता का, जनावरांशी संबंध आला होता का?

गेल्या ३० दिवसांत बागेत पाऊल पडलं नाही असा एकही दिवस नव्हता. दारात दोन म्हशी आहेत. सगळ्याला 'होय' लिहिलं. ही म्हणाली, "अहो, एवढं होय-होय लिहिलं तर परत पाठवतील की." पण त्यांचा नियम सरळ आहे. जाहीर केलेली वस्तू नियमात बसत नसेल तर ती काढून घेतात, दंड नाही. लपवलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर.

बुधवार, ऑकलंड विमानतळ

सिंगापूरहून दहा तास. उतरलो तेव्हा बाहेर पाऊस आणि बोचरा वारा. त्यांचं घड्याळ जुलैत आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, त्यामुळे डोळ्यांवर झोप होती.

पासपोर्टचा शिक्का पटकन झाला. खरी सरहद्द सामान घेतल्यावर लागते. वाटेत मोठ्या पेट्या ठेवलेल्या: खाण्याचं काही विसरून राहिलं असेल तर इथे टाका, कुणी विचारणार नाही. हिरवा अंगरखा घातलेला बीगल जातीचा एक कुत्रा बॅगांमधून फिरत होता. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका तरुणाच्या पाठपिशवीपाशी तो शांतपणे बसला. पिशवीत विमानात मिळालेलं सफरचंद निघालं. पोराचा चेहरा पडला, आणि दंडाची पावतीही निघाली. फळमाशीची एक अळी त्या सफरचंदातून बाहेर पडली तर काय होतं, हे त्या देशाला माहीत आहे. २०१५ मध्ये ऑकलंडच्या ग्रे लिन भागात क्वीन्सलँड फळमाशी सापडली, तेव्हा तिथल्या लोकांना परसातलं फळसुद्धा त्या हद्दीबाहेर नेता येत नव्हतं. महिनोन्महिने सापळे लावून माशी संपवली.

आमची रांग जाहीर करणाऱ्यांची. टेबलामागे एक बाई, मूळच्या फिजीच्या. हिच्या कपाळावरचं कुंकू बघून त्या हिंदीत बोलल्या, "किसान हैं आप लोग? तो पहले जूते दिखाइए।"

मी बूट निघायच्या आधी ब्रशने घासून, उन्हात वाळवून, वेगळ्या पिशवीत भरले होते. त्यांनी हातमोजे चढवले, एकेक बूट उलटा करून दिव्याखाली धरला. तळव्याच्या खाचांमधून एक बारीक सळई फिरवली. टाचेच्या आतल्या कोपऱ्यातून मुगाएवढं काळ्या मातीचं ढेकूळ निघालं. तासगावची माती, कुठेही ओळखेन. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपने बताया, अच्छा किया।" बूट आत गेले आणि थोड्या वेळाने जंतुनाशकाचा वास येत, ओले, पिशवीत बांधून परत आले. पैसे घेतले नाहीत.

मग खाण्याचे डबे. हळदीचं आणि मसाल्याचं पाकीट: लेबल वाचलं, बाजूला ठेवलं. भडंग: "ये क्या है?" हिने सांगितलं, चिरमुरे, शेंगदाणे, लसूण, तेलात परतलेले. पास. बेदाण्याच्या पाकिटावर जरा वेळ गेला. त्यांनी ते दिव्यासमोर धरून हलवलं, देठ किंवा किडा दिसतोय का बघितलं. मी म्हणालो, हे आमच्या भागातलं पीक आहे. 'सांगली' हे छापलेलं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

शेवटी हिच्या गळ्यातली तुळशीची माळ. लाकूड म्हणून तीही आम्ही जाहीर केली होती. काढायला लागणार म्हणून हिचा जीव वरखाली होत होता; वारकऱ्याची माळ अशी टेबलावर कुणी ठेवत नाही. त्या बाईंना ते कळलं असावं. त्यांनी माळ काढायला सांगितलीच नाही. भिंग घेऊन स्वतः वाकल्या आणि मणी न् मणी बघितला. लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं छिद्र त्या शोधत होत्या. "ठीक है, माताजी।" हिचे डोळे भरून आले.

माझ्या मनात तेव्हा एकच आलं. द्राक्षाच्या ओलांड्यात, म्हणजे तारेवरच्या आडव्या खोडात, खोडकिडीचं छिद्र शोधताना मी असाच वाकतो. ही बाई खाकी नजरेने बघत नव्हती, बागायतदाराच्या नजरेने बघत होती. १९९३ मध्ये त्यांनी जैवसुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला, असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. त्या कायद्याचं रोजचं काम म्हणजे हे वाकून बघणं.

गुरुवार-शुक्रवार, ऑकलंड

पुतणीच्या घरी भडंग पहिल्या संध्याकाळीच संपला. जावई आम्हाला पश्चिमेच्या वायटाकरे डोंगरात घेऊन गेले. तिथे कौरी नावाचे प्रचंड वृक्ष आहेत, शेकडो वर्षांचे. वाटेच्या तोंडाशी लाकडी चौकट: आधी ब्रशवर बूट घासायचे, मग जंतुनाशकाच्या पट्टीवर पाय दाबायचे, तेव्हाच आत. पाटी वाचली आणि थबकलो. रोग फायटोप्थोराचा. मोसंबीवर डिंक्या आणणाऱ्या बुरशीचा हा भाऊबंद, मातीतून पसरणारा, मुळं कुजवणारा. खोडात फॉस्फाइटची इंजेक्शनं देऊन तो लांबवतात, बरा करता येत नाही. दावण्यासाठी आपण फवारतो त्याच जातीचं औषध! एका झाडाच्या खोडावर डिंक ओघळलेला बघितला. त्या झाडापर्यंत रोग कुणाच्या तरी बुटातून आला असेल, एवढाच विचार परतीच्या वाटेवर डोक्यात होता.

शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, कुत्र्याला फिरवणारे, सगळे न सांगता बूट घासत होते. पहारेकरी कुणी नव्हता.

रविवार, टे पुके

ऑकलंडहून गाडीने तीनेक तास. किवीची राजधानी म्हणतात याला. मांडव बघून घरी आल्यासारखं वाटलं: तारा, खांब, डोक्यावर वेल, खाली सावली. तोडणी जूनमध्ये संपलेली, आता छाटणी.

बागेच्या फाटकावर गाडी थांबवून टायर फवारले, आमचे बूट द्रावणात बुडवले, वहीत नाव, तारीख आणि शेवटची भेट दिलेली बाग लिहून घेतली. मालक सत्तरीचे, बोलायला मोकळे. नोव्हेंबर २०१० मध्ये इथे पीएसए नावाचा जिवाणू सापडला. त्यांची पिवळ्या गराची जुनी जात दोन-तीन वर्षांत साफ झाली. या माणसाने उभी बाग करवतीने कापली. "मशीनचा आवाज येऊ नये म्हणून बायको माहेरी गेली होती," असं त्यांनी सांगितलं. रोग आयात परागकणांतून आला असा दावा करत बागायतदार सरकारविरुद्ध कोर्टात गेले, २०२१ मध्ये तडजोड झाली. आज उभी आहे ती नवी, रोगाला तग धरणारी जात, जुन्याच खुंटावर कलम करून चढवलेली.

मी त्यांना आमच्या जिल्ह्यातलं, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं सांगितलं. आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे डाळिंबवाल्यांनी किती बागा उपटल्या, रोगट गुट्या, म्हणजे कलमं, एका गावातून दुसऱ्या गावात कशा गेल्या, एकाच कात्रीने टोळी चार बागा कशी छाटते. जावई भाषांतर करत होते. मालकांनी विचारलं, "कात्री कशात बुडवता?" मी खरं ते सांगितलं: काही जण बुडवतात, बरेच जण नाही.

एक गोष्ट मात्र तिथेच कळली आणि ती लिहिलीच पाहिजे. हा सगळा किवीचा धंदा १९०४ मध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने चीनहून आणलेल्या बियांतून उभा राहिला. आज त्या बियांचं पाकीट टेबलावरच अडवलं असतं. पण त्याआधी अशाच हौशीने आणलेल्या गोष्टींनी या देशाचं वाटोळंही केलं. १८३७ मध्ये फरसाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम आणले. ते आजही जंगल खातात आणि गुरांमध्ये क्षयरोग पसरवतात. एक पाकीट फळलं म्हणून सगळ्या बॅगा उघड्या सोडता येत नाहीत, हे मला तरी पटलं.

मंगळवार, कुक सामुद्रधुनी

वेलिंग्टनहून पिक्टनला बोटीने साडेतीन तास. लाटा मोठ्या होत्या, हिला उलट्यांचा त्रास झाला. आलेपाकाच्या वड्या नेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिचं मत. बोटीवरच्या दुकानात आल्याच्या गोळ्या मिळतात, त्या आधीच घ्या. पुढे डोंगरांच्या अरुंद खाडीत बोट शिरली आणि पाणी एकदम शांत झालं.

नद्या-ओढ्यांसाठी इथे वेगळा नियम आहे: तपासा, धुवा, वाळवा. २००४ मध्ये दक्षिण बेटावरच्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते गळाला, बुटाला, होडीला चिकटून पसरतं. मासेमारीचं सामान नेणाऱ्यांनी ते कोरडं ठणठणीत करूनच न्यावं.

बुधवार-गुरुवार, ब्लेनहाइम

पहाटे हिव पडलेलं, गवत पांढरं. वाइराऊ खोऱ्यात नजर पोहोचेल तिथवर द्राक्षं. इथल्या आजच्या द्राक्षशेतीची मोठी लागवड १९७३ मध्ये सुरू झाली आणि आता देशाच्या द्राक्षक्षेत्राचा मोठा वाटा या एका प्रांतात आहे, बहुतेक सोव्हिन्यों ब्लाँ, वाइनसाठी.

छाटणी करणारी टोळी वानुआतूची. पॅसिफिक बेटांवरून मजूर हंगामापुरते येतात, २००७ पासून त्यासाठी सरकारी योजना आहे. टोळीचा म्होरक्या चाळिशीचा, डोक्यावर लोकरीची टोपी. त्याला सांगितलं, मीही द्राक्षवाला. त्याने लगेच कात्री माझ्या हातात दिली. देण्याआधी कमरेच्या बाटलीतून तिच्यावर फवारा मारला.

आपली पद्धत त्यांना नवल वाटली. त्यांच्याकडे थंडी वेलीला झोपवते. एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरडून काडी नवी घ्यायची आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी पुन्हा छाटायचं; दोन छाटण्या, पीक एकच. ते प्रत्येक वेलीवर दोन ते चार लांब काड्या ठेवतात, तारेला वाकवून बांधतात, बाकी सगळं ओढून काढतात. मोठ्या जखमेवर त्याच दिवशी लेप. मधूनमधून वेल उपटलेल्या मोकळ्या जागा दिसल्या. विचारलं तर कळलं, लीफरोल विषाणू. मिलीबग (पिठ्या ढेकूण) तो एका वेलीवरून दुसरीवर नेतो, आणि रोगट काडी एका बागेतून दुसरीत. मिलीबग आपल्याकडे काय कमी आहे? पण वेलीत विषाणू आहे का हे बघून काडी घेणारा बागायतदार मला आमच्या पंचक्रोशीत अजून भेटलेला नाही.

संध्याकाळी एका ओळखीच्याने फोनवर विचारलंच, "दोन काड्या बॅगेत टाकून आणा की. ओल्या कापडात गुंडाळल्या तर टिकतात." अशी मागणी प्रत्येक परदेश दौऱ्यावर होते, आणि हौसेने पुरीही केली जाते. मी नाही म्हणालो आणि का ते सांगितलं. आपल्याकडेही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशी कलमाला आयात परवाना, तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र आणि आल्यावर विलगीकरणातली वाढ लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा फ्रान्समध्ये उतरला आणि तिथल्या बागा मुळापासून गेल्या. आज आपण डॉगरिज या अमेरिकन जातीच्या खुंटावर कलम बांधतो. अमेरिकन खुंटावर कलम करायची ही रीत जगभर पसरली ती त्याच तडाख्यानंतर. काड्या मागणाऱ्या त्या ओळखीच्यांना नुसतं नाही म्हणून भागलं नाही. ते जरा नाराज आहेत, अजूनही.

परतल्यावर, तासगाव

ऑकलंड सोडण्याआधी पुतणीच्या अंगणात बूट पुन्हा धुतले. त्यांच्या मातीतलं काही इकडे यायला नको.

आता बागेच्या फाटकाजवळ प्लास्टिकचा उथळ टब ठेवलाय, त्यात सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, रोज सकाळी ताजं, कारण उन्हाने आणि चिखलाने त्याचा जोर जातो. कात्र्यांसाठी वेगळी बादली. हायपोक्लोराइटने लोखंड गंजतं, म्हणून तिथे स्पिरिट. ऑक्टोबर छाटणीच्या टोळीच्या मुकादमाला आधीच बोलावून सगळं दाखवलं. त्याने हिशोब मांडला: ओळ संपली की कात्री बुडवायची तर दिवसाला वीस-पंचवीस वेली कमी होतील, त्याचे पैसे कोण देणार? मी देणार, असं ठरलं. मग त्याने विचारलं, पलीकडच्या बागवाल्यांनीही टब ठेवला तर चालेल का, कारण टोळी तिकडूनच येते. रविवारी त्या तिघांना चहाला बोलावलंय. जिल्ह्यातून कुणी न्यूझीलंडला निघणार असेल तर सातबाऱ्याच्या भाषांतराचा आमचा नमुना मिळेल, आणि डॉक्टरांच्या पत्राचाही.